मानपानाचा प्रसारांक

मगदूम मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यात, जिथं पूर्वी सबंध गावाचा मसालेभात रटरटायचा, तिथं आता डॉ. सुमेधा उकिडवे विषाणू वाढवत होत्या. चुलवणावर शीतपेटी बसली होती, जिलेबीच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक, आणि ताटांच्या मांडणीत काचेच्या बश्या. कार्यालयाचे मालक आप्पासाहेब मगदूम रोज सकाळी दाराशी येत आणि "काही हवं-नको?" असं विचारून जात. जागा प्रयोगशाळेला दिली असली तरी आत आलेला माणूस पाहुणाच, ही त्यांची समजूत काही जात नव्हती.

कोरड्या तापाची साथ ओसरून बरीच वर्षं झाली होती. ओसरली म्हणजे गेली मात्र नव्हती. दर हिवाळ्यात ती कुठंतरी डोकं वर काढायची, त्यामुळे दोन हातांचं अंतर आणि जमावबंदी कायमचीच झाली होती. कृष्णाकाठच्या तांबवडे गावानं त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. किराणा उडत्या टोपल्यांतून यायचा, शाळा पडद्यावर भरायची आणि लग्नंही पडद्यावरच लागायची. अक्षता टाकायला एक बटण होतं. त्या बटणानं अर्ध्या गावाच्या पोटावर पाय दिला होता. बँडवाले सौरपट्ट्या पुसायला जात, फेटे बांधणारे पार्सलं बांधत, आणि वरातीचा घोडा भाजीची गाडी ओढत असे. कुणाच्या घरातून सनई ऐकू आली की तो भररस्त्यात नाचायला लागायचा. भाजीवाल्यानं त्यापायी टोमॅटो ठेवणंच सोडून दिलं होतं.

आप्पासाहेबांना या सगळ्याचं वाईट वाटे, पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या त्रिशलाचं लग्न शेजारच्या गावातल्या चौगुल्यांच्या मुलाशी ठरलं होतं. सगळ्या तालुक्याची लग्नं ज्याच्या दारात लागली, त्यानं आपल्या एकुलत्या एका लेकीवर बटण दाबून अक्षता टाकायच्या?

"म्याडम, माझ्या पोरीच्या लग्नात हॉलात पंगत बसू दे," ते उकिडवेबाईंना म्हणाले होते. "मग हॉलाचं काय बी करा."

म्हणूनच तर त्यांनी जागा दिली होती.

साथींचं गणित मांडणारे डॉ. इक्बाल पटवेकर रत्नागिरीहून आले, त्या दिवशी आप्पासाहेब चहा घेऊन दाराशीच उभे होते.

"तुमची लस सुईशिवाय गावभर जाणार म्हणता," पटवेकर म्हणाले. "ती कशी?"

"ती स्वतःच एक विषाणू आहे. कोरड्या तापाचा गरीब चुलतभाऊ म्हणा. ताप आणत नाही, फार तर चार शिंका. आठवडाभर नाकात मुक्काम करतो आणि तेवढ्यात शरीर त्या सगळ्या घराण्यालाच ओळखायला शिकतं. त्या आठवड्यात तो दुसऱ्यालाही लागतो. पसरती लस."

"आणि आठवड्यानंतर?"

"शरीर त्याला हाकलून देतं. मग त्या माणसाला तो पुन्हा लागत नाही, आणि त्याच्याकडून कुणाला जातही नाही."

"म्हणजे सगळा खेळ प्रसारांकाचा. एकाकडून सरासरी एकाहून जास्त माणसांना गेली, तर गाव सुटलं. कमी जणांना गेली, तर लस विझली."

"हो. आणि विझली तर माझ्याकडे दुसरी नाही. काचेत तो वाढता वाढत नाही. वर्षभर खपून मूठभर मात्रा झाल्यात. त्या काही स्वयंसेवकांच्या नाकात घातल्या की कपाट रिकामं. पुढचं माणसांनी माणसांवर करायचं."

ग्रामसभेनं पडद्यावर हात वर करून संमती दिली. गाव सुरक्षित ठरलं तर जमावबंदी उठेल, असं आरोग्य खात्यानंही कळवलं. स्वयंसेवकांना मात्रा दिल्या गेल्या, आणि गावातल्या प्रत्येकाच्या गळ्यात श्वासमापी अडकवण्यात आला. लस नाकात रुजली की दोन-तीन दिवसांत त्याचा दिवा हिरवा व्हायचा आणि मग हिरवाच राहायचा. आणि मग आप्पासाहेबांनी चाचणीपुरती परवानगी मिळालेली पंगत घातली.

पंगत झकास झाली आणि प्रयोग पार झोपला. इतक्या वर्षांच्या पडद्यानं माणसं भयंकर सभ्य झाली होती. एक बोलायचा, बाकीचे ऐकायचे. बोलण्याआधी हात वर करायचे. कुणी कुणाच्या कानाशी लागेना. त्यातून आप्पासाहेबांची व्यवस्था चोख! कुणाचा पाट कुणाशेजारी नको, कुणाला आधी वाढायचं, कुणाच्या आजेसासूला नावानं हाक मारायची, सगळं त्यांच्या जिभेवर. उभ्या आयुष्यात त्यांच्या कार्यालयात रुसवा टिकला नव्हता. भांडणाची ठिणगी दिसली की ते दोन हात अंतरावर हात जोडून उभे राहत आणि चूक कुणाचीही असो, "माझंच चुकलं" म्हणून मोकळे होत.

तीन दिवसांनी पटवेकरांनी आकडे मांडले. "सगळीकडे अंधार. फक्त या कोपऱ्यात दिवेच दिवे. इथं काय झालं होतं?"

आप्पासाहेब ओशाळले. "त्ये जरा... दोन बायकांचं. कुंकू आधी कुणाला लावलं त्यावरनं. पण मी लगेच मिटवलं हो डॉक्टर!"

दोन्ही शास्त्रज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा विषाणू अशक्त आहे," उकिडवेबाई हळूच म्हणाल्या. "साध्या बोलण्यानं हातभरही जात नाही. त्याला जवळ तोंड हवं आणि चढा आवाज हवा."

"म्हणजे भांडण हवं," पटवेकर म्हणाले. "आणि आपण ते मिटवणारा माणूस यजमान नेमलाय."

लस विझायच्या आत पुढची पंगत लग्नाची रंगीत तालीम म्हणून झाली. अर्ध्या गावाला वरपक्ष केलं, अर्ध्याला वधूपक्ष, आणि मानपान मुद्दाम चुकवायचं काम आप्पासाहेबांकडे आलं. अख्ख्या तालुक्यात त्यातलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. नवरदेवाच्या मामाला फेटा द्यायचा नाही, हे ठरवताना त्यांना घाम फुटला. वरमाईला पाणी न विचारता ते समोरून निघून गेले आणि कोठीत जाऊन डोळे पुसून आले.

पण काय रंगली तालीम! वरपक्ष ठरलेली माणसं तासाभरात खरीच फुगून बसली. मामा कडाडला, त्याला समजवायला चौघं गेले, त्या चौघांना कोण विचारतो म्हणून आणखी दहा धावले. दोन हातांचं अंतर कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. माणसं रडली, ओरडली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली. बाहेर घोडा आपणहून नाचत होता. प्रसारांक तीनच्या वर गेला, आणि महिनाअखेरीस गाव हिरवंगार झालं. पाहुण्यारावळ्यांबरोबर लस चौगुल्यांच्या गावातही पोचली, पाठोपाठ श्वासमापी पोचले, आणि तिथंही मानपानाला ऊत आला.

आरोग्य खात्याचं पत्र आलं: तांबवड्यात जमाव जमायला हरकत नाही, फक्त ज्याचा दिवा हिरवा नाही, त्याला गर्दीत प्रवेश नाही. गावभर तपासणी झाली. साऱ्या गावात एकच दिवा काळा निघाला. तो आप्पासाहेबांचा होता.

"बरोबरच आहे," पटवेकर खिन्नपणे म्हणाले. "तुमच्याशी आजवर भांडलंय कोण?"

मुहूर्त आठवड्यावर आला होता. मंडप आत घातला जात होता आणि आप्पासाहेब फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. गावकऱ्यांना राहवेना. एकेक जण येऊन त्यांच्या तोंडावर यथाशक्ति ओरडून गेला. फेटा न मिळालेला मामा तर मनापासून ओरडला. पण आता ओरडून काय उपयोग! गावातल्या प्रत्येकाच्या नाकातून लस केव्हाच निघून गेली होती, आणि कपाट रिकामं होतं.

"ताजी लागण चौगुल्यांकडे आहे," उकिडवेबाई म्हणाल्या. त्यांनी विहीणबाईंना, मालनताई चौगुलेंना, फोन लावला. त्यांचा दिवा आदल्याच दिवशी हिरवा झाला होता. सगळं समजावून सांगून उकिडवेबाईंनी विनंती केली, की येऊन व्याह्यांशी एक कडक भांडण करा.

"मला न्हाई बाई खोटं भांडता येत," मालनताई म्हणाल्या. "हॉल बघायला येणार हाय, तेवढं येते."

त्या आल्या. आप्पासाहेबांनी फाटकाबाहेरच, दोन हातांवरून हात जोडले, खुर्ची दिली, नमुन्याची जिलेबी आणि मठ्ठा पुढे ठेवला. उकिडवेबाई खिडकीतून आशेनं बघत होत्या. मालनताईंनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं.

"पाणचट हाय."

"माझंच चुकलं..." आप्पासाहेबांच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि मग त्यांना कळलं, आपण काय ऐकलं ते. माणसांनी त्यांच्या कार्यालयाच्या पंख्यांना नावं ठेवली होती, पाटांना ठेवली होती. मठ्ठ्याला कुणीच नाही. तो मठ्ठा त्यांच्या आईचा होता.

"पाणचट?" ते एक पाऊल पुढे आले. "घोटून घोटून हात भरून आलेत माझे! आलं बघा, जिरं बघा!"

"बघितलं! आलं दिसतंय कुठं? आमच्यात असला मठ्ठा गुरांनाबी देत न्हाईत!"

पुढचा अर्धा तास फाटकापाशी नाकाला नाक लागलं होतं. त्रिशला धावत आली आणि भांडण मोडायला निघाली, तेव्हा पटवेकरांनीच तिला धरून ठेवलं.

तीन दिवसांनी दिवा हिरवा झाला. आप्पासाहेबांनी आपल्या हॉलात, आपल्या हातानं लेकीवर अक्षता टाकल्या. त्यांना मंगलाष्टकं नीट ऐकू आली नाहीत, इतकं भरून आलं होतं. मग पंगत बसली, आणि ते सगळ्यात आधी विहीणबाईंच्या पाटासमोर वाकले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्यासाठी त्या दिवशी काय नाटक वठवलंत!"

"नाटक कसलं?" मालनताईंनी मठ्ठ्याचा घोट घेतला, जिभेवर घोळवला. "त्या दिवशी खरंच पाणचट होता. आजचाबी हाय."

आणि आता लशीला काडीची गरज नसताना, भर पंगतीत, आप्पासाहेब मगदूम एक पाऊल पुढे सरकले.