पत्ता एक, शेजार दोन

आमच्या सुनेला पाहुण्यांशी कसं वागावं ते मुळीच कळत नाही. माणूस दारात उभा असतो, घामाघूम, आणि ही पाणी विचारायच्या आधी प्रश्न विचारते. हेरगिरीचा धंदा आहे तिचा, कबूल. पण हेराच्या घरातही माठ असतो!

त्या सकाळी घड्याळजी आला तेव्हाही तेच. पुढच्या खोलीत टेबलापलीकडे सूनबाई, शेजारी माझा मुलगा बाळ्या, तिचा मदतनीस. चाळिशी ओलांडली तरी बाळ्याच. मी आपली आतल्या दारात, पालेभाजी निवडत.

"बहिणीनं माझा गळा कापला," घड्याळजी म्हणाला.

"कशानं?" सूनबाईनं विचारलं.

"वेबसाइटनं!"

बाळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

हकीगत अशी. वडिलांच्या एकाच दुकानात अर्ध्यात हा घड्याळं दुरुस्त करतो, अर्ध्यात धाकटी बहीण शिलाई मशीन. दोघांच्या वेबसाइट मुळात एकाच सर्व्हरवर, म्हणजे एकाच आयपी पत्त्यावर. इमारत एक, बिऱ्हाडं दोन. घड्याळजीनं आपली साइट नवी करून घेतली आणि तेव्हापासून ती सर्चमधून गायब. गिऱ्हाईक आटलं.

"वेबसाइटचा सल्लागार म्हणतो, शेजार वाईट आहे," घड्याळजी म्हणाला. "तिची साइट सुमार, म्हणून पत्ता बाटला. मी दुकानात भिंत घालतोय. विटा दारात येऊन पडल्यात. तुम्ही फक्त पुरावा द्या, म्हणजे वडिलांना तोंड दाखवता येईल."

"नवी साइट कुणी केली?"

"सल्लागारानंच. माझी अट होती, पुरी होईस्तोवर कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. आमच्या धंद्यात उघडं घड्याळ गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत."

सूनबाईनं मान हलवली. पाण्याचं नावही नाही.

दुपारी बहीण आली. बोटांना मशीनचं तेल, डोळे लाल.

"भिंत घालायचीच तर घालू दे दादाला," ती म्हणाली. "पण मी वाईट शेजार कशी? सल्लागाराचं ऐकून मी माझी साइट कधीच वेगळ्या पत्त्यावर नेली."

"मग काय फरक पडला?"

"काडीचा नाही. आधी जिथं दिसायची तिथंच दिसते. पहिल्या पानावर, वरती. पत्ता बदलतानाच सल्लागार म्हणाला होता, सर्चचं काही सांगता येत नाही ताई, नशिबाचा खेळ आहे."

ती गेल्यावर बाळ्या खुर्चीत पुढे सरकला. "उलगडलं! घाण करून ही निसटली, डाग मागे राहिला."

"डाग पत्त्याला असता," सूनबाई म्हणाली, "तर ती तिथं राहत होती तेव्हा वर कशी होती?"

बाळ्या खुर्चीत मागे सरकला. लहानपणीही असाच होता, उत्तर आधी, गणित नंतर.

मग सूनबाईनं लॅपटॉपवर घड्याळजीच्या दुकानाचं नाव टाइप केलं, अक्षरन् अक्षर. गिऱ्हाइकांनी केलेलं कौतुक आलं, नकाशा आला. त्याची साइट तेवढी नाही. शेवटच्या पानापर्यंत नाही.

"रांगेत मागे गेलेला माणूस मागे तरी सापडतो," ती पुटपुटली. "हा रांगेतच नाही."

शेवटी सल्लागार आला. इस्त्रीचा सदरा, गोड जीभ. बहीणभाऊही होते, एकमेकांकडे पाठ करून.

"शेजार गेला तरी पत्ता बाटलेलाच," तो म्हणाला. "यांनीही वेगळा पत्ता घ्यावा. हलवल्यावर साइट दिसणार म्हणजे दिसणार. लेखी देतो."

"लेखी?" सूनबाई म्हणाली.

"छातीठोक!"

सूनबाई हसली. ती हसली की मला समोरच्याची दया येते.

"ताईंना म्हणालात, नशिबाचा खेळ. दादांना लेखी हमी. सर्चवर तुमचा ताबा नाही, मग ही खात्री आली कुठून?"

सल्लागारानं सदऱ्याची कॉलर सैल केली.

"मी सांगते," ती म्हणाली. "एका पत्त्यावर हजारो साइट सुखानं नांदतात. सर्च दुकानातला माल बघतं, इमारतीतले भाडेकरू मोजत नाही. ताई त्या पत्त्यावर होत्या तेव्हा वर, सोडला तेव्हाही वर. म्हणजे पत्ता वर चढवत नाही आणि खालीही ओढत नाही. बरं, दादांची साइट खाली गेलेलीच नाही, ती यादीतूनच पुसलीय. असं कधी होतं? साइटनं स्वतःच सर्चला दारातून परत पाठवलं तर."

तिनं लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. घड्याळजीच्या पानाच्या पोटातला मजकूर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ सर्चला सांगते, माझी नोंद घेऊ नकोस. माणसांना ती दिसत नाही. अर्धवट काम कुणाला दिसू नये ही अट दादांची. ओळ घातली यांनी, योग्यच केलं. काम संपल्यावर काढायला विसरले, तेही माणसाचंच लक्षण. पण विसरल्याचं ध्यानात आल्यावर यांनी चूक बहिणीच्या पदरात टाकली. नव्या पत्त्यावर नेताना ओळ गुपचूप काढायची, साइट दिसू लागणार, आणि नाव वेगळ्या पत्त्याचं. म्हणून हमी लेखी!"

बाळ्याचा आ वासलेला. मीही निवडलेली भाजी देठांत टाकत होते.

"पाणी मिळेल का?" सल्लागार म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

मी तांब्या दिला. प्यायला, आणि सगळ्यांसमोर मुकाट्यानं ती ओळ पुसली.

घड्याळजी बहिणीकडे वळला. "धाकटे, त्या विटा..."

"राहू देत दादा," ती म्हणाली. "दुकानापुढं ओटा बांधू. तुझी गिऱ्हाइकं परत आली की बसतील कुठं?"

काही दिवसांत साइट दिसू लागली. पत्ता तोच, जुना. बहिणीची साइटही परत तिथंच राहायला आली.

त्या दिवशी मात्र सगळे गेल्यावर सूनबाई कपबशा उचलायला लागली. मी तिच्या हातातून ट्रे घेतला. मनातल्या मनात कौतुक करायची मला सवय नाही, केलं तर तोंडावर.

"सूनबाई, तुला पाहुणचार येत नाही आणि या जन्मी येणारही नाही. पण भावाबहिणीतली भिंत पायाच्या आधी पाडलीस. आजपासून पाणी मी विचारीन. तू प्रश्न विचार."