त्या कोपऱ्यात कुणी खेळायचं नाही!

"पास दे! गेथिन, अरे पास दे ना!" माब्ली जीव तोडून ओरडली.

पण गेथिन कसला ऐकतोय! रग्बीचा लांबुळका चेंडू पोटाशी धरून तो थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत धावला आणि गोलरेषेपलीकडे त्याने धाडकन सूर मारला. नेस्टने टाळ्या पिटल्या. गेथिन मात्र उठेचना. गवताला कान लावून तसाच पालथा पडून राहिला.

"लागलं का रे?" माब्लीने धावत येऊन विचारलं.

"श्श! जमीन बोलतेय."

"डोक्यावर पडलास वाटतं!"

"अगं, ऐक तर!"

माब्लीने कान टेकला आणि ती दचकली. खालून गुळगुळ आवाज येत होता. न्हाणीघरातला टब रिकामा होताना येतो ना, अगदी तसा! क्वम हेलिग गावात तीन दिवस पाऊस कोसळत होता. सगळ्या मैदानाचा चिखल झाला होता. फक्त हा एक कोपरा कोरडा! गवतातल्या एका फटीत शेजारच्या डबक्याचं पाणी गरगरत खाली चाललं होतं.

"यातून गरम वारा येतोय," फटीवर तळवा धरत नेस्ट म्हणाली. ती तिघांत सर्वांत लहान, नऊ वर्षांची, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

गेथिनने झेंड्याची काठी उपटली आणि तिचं लोखंडी टोक फटीत खुपसलं. काठी सरकन हातातून निसटली. झेंड्यासकट गडप! तिघंही श्वास रोखून थांबली. काहीच ऐकू येईना. मग खूप खोलवरून एक बारीक आवाज आला... ठण्ण!

माब्ली दोन पावलं मागे सरली.

"ए! माझा झेंडा कुठे गेला?" मागून दणदणीत आवाज आला. क्लबचे अध्यक्ष एम्रिस प्रॉसर! शाळेची बस तेच चालवायचे, म्हणून सारं गाव त्यांना 'एम्रिस बस' म्हणायचं. त्यांच्या मागून लोखंडी सांगाडे आणि फळ्या लादलेला ट्रक येत होता. उद्या क्लबला शंभर वर्षं पुरी होणार होती. शेजारच्या गावाशी सामना होता आणि पाहुण्यांसाठी स्टँड उभा राहायचा होता. नेमका इथे, या कोपऱ्यात!

"मिस्टर प्रॉसर, इथे स्टँड नका बांधू!" माब्ली घाईघाईने म्हणाली. "खाली पोकळ आहे. झेंडा आत पडला!"

"सशाचं बीळ असेल," एम्रिस हसले. "अख्ख्या मैदानात हीच जागा कोरडी आहे, ट्रक रुतत नाही. चला, व्हा बाजूला!"

"ससे लोखंडी भांडी वापरतात का?" गेथिन पुटपुटला. "आतून ठण्ण वाजलं!"

"गेथिन बेवन! झेंडा भरून द्यावा लागेल हं!"

झालं! मोठ्यांचं बोलणं संपलं. माब्लीची आई रुग्णालयात ड्यूटीवर होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "एम्रिसने बघितलं असेल गं, राणी." काउन्सिलच्या कार्यालयाला ईस्टरची सुट्टी, मंगळवारपर्यंत कुलूप.

"आता?" नेस्टने विचारलं.

"आता आपणच शोधायचं," माब्ली म्हणाली.

क्लबच्या दिवाणखान्यात भिंतभर संघांचे फोटो टांगलेले होते. पहिल्या वर्षाच्या फोटोतले खेळाडू खाणीतून थेट मैदानावर आल्यासारखे दिसत होते. डोळ्यांभोवती कोळशाच्या काळ्या कडा, हाताची घडी, हसू नावालाही नाही. माब्ली एकेक चेहरा बघत असताना नेस्ट मात्र मागे काय आहे ते बघत होती.

"डोंगर चुकलाय," ती म्हणाली.

"डोंगर कसा चुकेल?"

"बघ ना. आता डोंगर मैदानाच्या बाजूला आहे. इथे तो गोलखांबांच्या मागे आहे. म्हणजे मैदान फिरवलंय!"

"आणि हे काय?" गेथिनने काचेवर बोट ठेवलं. मैदानाबाहेर, दूर, माणसाच्या उंचीचं विटांचं गोल धुराडं होतं. नंतरच्या फोटोंत धुराडं नव्हतं, नुसतं कुंपण होतं. त्यानंतरच्यांत कुंपणही नाही. नुसतं हिरवंगार गवत, आणि त्यावर फिरवलेल्या मैदानाचा तोच कोरडा कोपरा. "मैदानाशेजारी धुराडं कशाला? सॉसेज भाजायला?"

"पणजोबांना विचारू या!" नेस्ट म्हणाली.

तिचे पणजोबा, इद्वल प्राइस, क्लबचे सर्वांत जुने खेळाडू. नव्वदी उलटली तरी गाव त्यांना 'इद्वल नऊ'च म्हणायचं. नऊ नंबरची जर्सी त्यांनी इतकी वर्षं घातली होती. त्यांनी चुलीपाशी बसून सगळं ऐकून घेतलं.

"तो कोपरा? आमच्या वेळी तिकडे कुणी फिरकायचं नाही," ते म्हणाले. "अपशकुनी मानायचे. मी एकदा कुंपण ओलांडलं, तर बाबांनी अशी कानाखाली दिली की अजून आठवते."

"पण का अपशकुनी?" माब्लीने विचारलं.

"ते कुणी सांगितलं नाही, बाख," गावात लाडक्या पोरांना म्हणतात तसं ते म्हणाले. " खाणीतली माणसं ती. जमिनीखालचं घरात बोलायची नाहीत."

माब्ली विचारात पडली. गोल विटकाम. गरम वारा. खोल, खूप खोल. एकदम तिला शाळेची सहल आठवली. जुन्या खाणीत त्यांना फिरवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, प्रत्येक खाणीला दोन तोंडं लागतात. एक माणसांना, एक हवेला.

"ते धुराडं नव्हतंच!" ती ताडकन उठली. "खाणीत हवा सोडायची विहीर होती ती! खाण बंद झाल्यावर वरून झाकून टाकली असेल!"

इद्वल आजोबांचा चेहरा उतरला. "त्या काळी लाकडं आडवी टाकायचे आणि वर माती लोटायचे," ते हळूच म्हणाले. "एवढ्या वर्षांत लाकडाचं काय उरलं असेल?"

त्यांनी लगेच एम्रिसना फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "काय इद्वल! अजून तुमचा तो अपशकुन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना सुरू झाला तेव्हा स्टँड खच्चून भरला होता. माब्लीचं खेळाकडे लक्षच नव्हतं. ती स्टँडच्या पुढच्या लोखंडी पायाकडे बघत होती. इद्वल आजोबांनी स्टँडमध्ये बसायला साफ नकार दिला होता. ते पलीकडे खुर्चीवर बसले होते. बाकी सारं गाव मात्र फळ्यांवर पाय आपटून गात होतं. प्रत्येक ठेक्याला स्टँडचा तो पाय किंचित खाली जात होता.

हेलिगचा संघ गोलरेषेजवळ पोचला. लोक उभे राहिले. "ढकला! ढकला!"

"आता गुण मिळाला तर सगळे उड्या मारतील," माब्ली पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मनात म्हणाली, देवा, आपल्या संघाला गुण नको!

चेंडू निसटला. मध्यंतराची शिट्टी वाजली. लोक हळहळत खाली बसले आणि स्टँड करकरला. पायाभोवतीच्या गवतात हातभर लांब भेग पडली.

"पळा म्हणून ओरडू?" गेथिन कुजबुजला.

"नको! सगळे एकदम उठले तर आत्ताच कोसळेल. हळूहळू उतरवायला हवेत. आनंदाने!" माब्लीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तू मला फक्त माइक मिळवून दे."

गेथिन सुसाट सुटला. "मिस्टर प्रॉसर! स्वयंपाकघरातून धूर येतोय! सगळे पाय जळाले! म्हणजे खायचे पाय! मटण भरून भाजलेले!"

"माझे पाय!" एम्रिस माइक टेबलावर टाकून धावले.

माब्लीने माइक उचलला. आवाज तिने आवरून धरला. "मंडळी, आता क्लबचा शंभर वर्षांचा फोटो! ज्याने कधीही हेलिगची जर्सी घातली, धुतली किंवा शिवली, त्या सगळ्यांनी मैदानाच्या मध्यभागी यायचं आहे. सावकाश, एकेक रांग. आधी सर्वांत वरची!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी हलेना! मग पलीकडून इद्वल आजोबा काठी टेकत उठले आणि एकटेच मैदानाच्या मध्याकडे चालू लागले. त्यांना बघून वरची रांग उठली. मग तिच्या खालची. नेस्ट पायऱ्यांपाशी उभी राहून म्हाताऱ्यांना हात देत होती. "हळू हं. घाई नाही. फोटो कुठे पळत नाही!"

शेवटची बाई उतरली. माब्लीने सुटकेचा श्वास टाकला. तोच लालबुंद झालेले एम्रिस आले आणि तरातरा थेट रिकाम्या स्टँडवर चढले.

"कसला फोटो? कुणी ठरवलं? सगळे परत जागेवर या!"

"मिस्टर प्रॉसर, खाली या! प्लीज!"

"मी इथून हलणार नाही!" त्यांनी फळीवर पाय आपटला. खालून कडाड् असा आवाज आला. स्टँडचा पुढचा पाय वीतभर खचला, पण रागाच्या भरात त्यांना ते कळलंच नाही.

सांगून ऐकणारा हा माणूस नव्हताच. पण एम्रिस एके काळी हेलिगचे फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे राहून उंच चेंडू झेलणारे खेळाडू होते. हवेतला चेंडू त्यांनी कधी सोडला नव्हता, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. माब्लीने रेषेवरचा चेंडू उचलला आणि स्टँडपासून लांब, जीव खाऊन उंच लाथाडला.

"एम्रिस! तुमचा!"

एम्रिसनी वर पाहिलं. पुढचं सगळं त्यांच्या पायांनीच ठरवलं. दोन ढांगांत ते खाली आले, धावले आणि चेंडू त्यांनी छातीशी अलगद झेलला. "घेतला!" ते ओरडले.

त्यांच्या मागे जमीन फाटली. स्टँड आधी वाकला, मग फळ्या, सांगाडे, पताका, सगळं घडघडत एका काळ्या तोंडात गेलं. खालून आवाज येतच राहिला... येतच राहिला. मग थांबला. सारं गाव मैदानाच्या मध्यभागी उभं राहून ते बघत होतं. एम्रिस चेंडू छातीशी धरून मटकन खाली बसले.

संध्याकाळपर्यंत पोलीस आले, खाणतज्ज्ञ आले, दोरखंड बांधले गेले. तज्ज्ञ बाईंनी फोटोतलं ते विटकाम पाहिलं आणि मान डोलावली. "हवेचीच विहीर! आमच्या नकाशावरही नाही ही. पोरांनो, तुम्ही नसता तर आज या गावात घरटी रडारड असती."

दिवाणखान्यात एम्रिस बोलायला उभे राहिले. नेहमी तासभर बोलणारा माणूस, आज चारच वाक्यं बोलला. "या तिघांनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "इद्वलनीही सांगितलं होतं. मी हसलो. माझं हसणं थांबायची त्यांनी वाट बघितली नाही, म्हणून आपण सगळे इथे आहोत."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. "झेंडा भरून द्यायचाय का अजून?" गेथिनने विचारलं आणि हशा पिकला.

राहिलेला सामना पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात झाला. हेलिगने सपाटून मार खाल्ला. तरी परतताना बसमध्ये गाण्यांना खंड नव्हता. माब्ली अगदी पुढे, चालकाच्या शेजारी बसली होती.

"त्या दिवशी घाबरली होतीस?" रस्त्यावरची नजर न काढता एम्रिसनी विचारलं.

"खूप," माब्ली म्हणाली. "तुम्ही खाली येतच नव्हतात."

डोंगराचं मोठं वळण एम्रिसनी अगदी सावकाश घेतलं.

"आभारी आहे, बाख," ते म्हणाले.