सहा ग्रॅम जास्त

नुरकेनशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तुमचं विमान लठ्ठ आहे."

मे महिन्यातला रविवार होता. करागांदा शहराबाहेरच्या माळावर आमच्या क्लबची मंडळी रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवतात. उडवण्याआधी प्रत्येक विमानाचं वजन करायचं काम माझं. पप्पांनी तीस वर्षं मुलांना अशी विमानं बांधायला शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर त्यांचा काटा माझ्याकडे आला, आणि त्यांचा स्वभावही. गेल्या वर्षी एका मुलाच्या आईने मला सून म्हणून पारखायला जेवायला बोलावलं, मटणाचं बेशबर्माक कसं झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. पुन्हा काही त्या घरून बोलावणं आलं नाही.

"लठ्ठ?" नुरकेन म्हणाला. त्याचं विमान लाल-पांढरं, चकचकीत, नुकतंच खोक्यातून काढलेलं होतं. "खोक्यावर एक किलो चारशे लिहिलंय."

"काटा एक किलो आठशे वीस म्हणतोय."

"मग काटा खोटा असेल."

मी पिशवीतला अर्धा किलो साखरेचा न फोडलेला पुडा काट्यावर ठेवला. पाचशे दोन. "वरचे दोन ग्रॅम कागदाचे," मी म्हटलं.

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते. आता हे वजनाच्या वहीत लिहायचं नसतं, पण माझ्या लक्षात राहिलं.

"इथल्या वाऱ्यात जड विमानच बरं," तो म्हणाला.

"उडताना बरं. उतरताना कळेल."

कळलं. उतरताना त्याने वेग कमी केला, विमानाचा डावा पंख खाली गेला आणि नाक थेट गवतात! मोटर खालच्या लाकडी पाटीसकट निघून पडली. मी उचलून पाहिलं. पाटीला गोंद नावापुरता, आणि आत जिथे गरज नाही तिथे गोंदाची ढेकळं. हलक्या बाल्सा लाकडाच्या जागी जाड प्लायवुड. शेपूट जड झालं म्हणून तोल साधायला नाकात शिसं भरलेलं.

"दुरुस्त करून द्याल?" त्याने विचारलं.

"नाही. शिकवीन. शनिवारी आमच्या गॅरेजात या."

तो आला. पुढच्या शनिवारीही आला. आम्ही गोंद खरवडला, शेपटीतलं प्लायवुड काढून बाल्सा लावलं, मग नाकातलं शिसं काढलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"अजून किती कमी करायचं?" तो कुरकुरायचा. "माझी आईसुद्धा मला इतकं उपाशी ठेवत नाही."

"तुझं नाही, विमानाचं वजन जास्त आहे."

"म्हणजे मी बरा आहे?"

"तुला अजून काट्यावर ठेवलेलं नाही."

"ठेव ना... मी कुठे नाही म्हणतोय?"

मी पॉलिशपेपर घासत राहिले. कान मात्र तापले होते.

जूनमध्ये त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "मारल, एक सांगायचंय. बाजारात तयार विमानांचं नवीन दुकान निघालंय ना... ते माझं आहे. साठ खोकी आली आहेत. सगळी अशीच."

"आणि तू इथे कशाला येतोस?"

"आधी... क्लबात तू दोन शब्द चांगले बोलावेस म्हणून."

"आणि नंतर?"

मी उत्तरासाठी थांबले नाही. विमान त्याच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. मग मला रडू आलं. रडू यावं इतकं हे पुढे गेलंय, हे तेव्हाच समजलं.

तीन रविवार तो माळावर फिरकला नाही. चौथ्या रविवारी कोळशाच्या खाणीतले एक काका नवीन खोकं घेऊन आले. त्यावरचं छापील वजन खोडून काळ्या शाईने लिहिलं होतं – 'खरं वजन १ किलो ८१५. मोटरची पाटी पुन्हा चिकटवा. उतरताना वेग सोडू नका. शंका आली तर माळावर मारलला विचारा, ती खोटं बोलत नाही.'

"सगळ्या खोक्यांवर लिहिलंय," काका म्हणाले. "वेडा आहे. दुकान कसं चालायचं याचं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले.

"शनिवारी का नाही आलास?"

"दार बंद होतं."

"ढकलायचं होतंस."

"नंतरचं उत्तर द्यायचं राहिलंय," तो हळूच म्हणाला. "नंतर मी तुझ्यासाठी यायला लागलो."

"येत्या शनिवारी ये," मी म्हटलं. आवाज नेहमीचा ठेवायला फार कष्ट पडले.

सप्टेंबरात हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. त्याने आपलं विमान काट्यावर ठेवलं. आता ते अगदी हलकं झालं होतं, शनिवारी मी स्वतः एक किलो चारशे मोजलं होतं. आज मात्र एक किलो चारशे सहा.

"सहा ग्रॅम जास्त," मी म्हटलं.

"मग काढ ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी विमानाच्या पोटाखालचं झाकण उघडलं. बॅटरीशेजारी कापसात गुंडाळलेले सोन्याचे दोन डूल होते.

आमच्यात मुलीच्या कानात असे डूल आले की तिचं लग्न ठरलं. पण ते मुलाची आई घालते, मुलगा नाही.

"हे तुझ्या हातून चालत नाही," मी कसंबसं म्हटलं.

"म्हणून तर विमानात ठेवले. आई तिकडे आहे."

पाहिलं तर त्याची आई आमच्या गाडीपाशी पप्पांच्या थर्मासमधला चहा पीत बसली होती. पप्पा आमच्याकडे न बघितल्यासारखं करत होते.

मी डूल काट्यावर ठेवले, मग उचलून पुन्हा ठेवले. गाडीकडे चालताना माझे जुने डूल काढून खिशात टाकले.

"अपा," मी त्याच्या आईपुढे हात पसरला. "हे..."

"सोनार म्हणाला, सात ग्रॅम आहेत," ती कौतुकाने म्हणाली.

गप्प बसायला हवं होतं. नुरकेनने डोळे मिटून घेतले. मला मिठाची गोष्ट आठवली. तरीही...

"सहाच आहेत," मी म्हटलं. "दोनदा पाहिलं."

त्याची आई इतकी हसली की चहा सांडला.

"उद्या सोनाराकडे माझ्याबरोबर तूच चल," ती म्हणाली. "आधी कान इकडे कर."