जोडीदाराचा रकाना

“तुम्ही काहीतरी लपवताय!”

तिच्या टेबलापाशी येऊन तो बोलला ते हे पहिलं वाक्य. वेबसाइटची पानं बनवणाऱ्या त्या ऑफिसात तो नवा तपासनीस. डोळ्यांनी दिसत नसे. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटरचा आवाज त्याला वाचून दाखवी.

“मी? काय लपवलं?”

“विम्याच्या फॉर्मवरचा रकाना. मी ‘अविवाहित’ निवडलं, तरी कॉम्प्युटरमधली बाई विचारतेच आहे... जोडीदाराचे नाव?”

ती ओशाळली. तो रकाना तिनं नुसता पारदर्शक केला होता. बघणाऱ्याला दिसत नव्हता, पण होता जागेवरच.

“काय सांगू तिला?” तो गालात हसला.

“सध्या... रिकामं ठेवा.”

कोडच्या दोन ओळी लिहून तिनं रकाना खरोखरच काढून टाकला. तो मात्र रोज नवी चूक घेऊन येऊ लागला. चुका संपल्या, तरी येतच राहिला. संध्याकाळी दोघं कोपऱ्यावर कॉफी प्यायची. तिच्या चपलांच्या आवाजावरून तो तिचा मूड ओळखायचा. “आज साहेबांशी वाजलं वाटतं!” म्हणायचा, आणि ती खुदकन हसायची.

“घरी सांगितलंस आपलं?” तो अधूनमधून विचारायचा.

“हो... म्हणजे, सांगतेय.”

सांगितलं कुठे होतं! आईसमोर विषय काढायची वेळ आली, की ती दुसरंच काही बोलू लागायची.

आणि एक दिवस कॉफीच्या दुकानात तिचे काका दत्त म्हणून उभे! तिनं त्याच्या हातातला हात अलगद सोडवला, खुर्ची मागे ओढली.

“हे कोण गं?”

“कोणी नाही, काका. जागा नव्हती, म्हणून... बसलेत इथे.”

त्यानं कॉफी संपवली, काठी उलगडली. “बसा काका, मी निघतोच आहे.”

घरी पोचताच तिनं रडत रडत आईला सगळं सांगून टाकलं.

“वेडी का खुळी तू?” आई म्हणाली. “घरी आणायचंस ना त्याला! आम्ही काय खाल्लं असतं त्याला?”

सकाळी ती धावतच त्याच्यापाशी गेली. “आईनं बोलावलंय तुला!”

“मी नाही येणार.”

“अरे, घाबरले होते मी!”

“घरच्यांचा विरोध असता, तर तुझ्यासोबत उभा राहिलो असतो. पण विरोध कोणाचाच नव्हता गं... लाज फक्त तुला वाटत होती. खोटं आहे का हे?”

तो थांबला. ‘हो, खोटं आहे’ एवढंच तर म्हणायचं होतं. इतके महिने सहज थापा मारणाऱ्या तिला नेमकं तेवढं म्हणता आलं नाही.