ठमी कुणाकडे आहे?

आधीच सांगते. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. उलट थोडं गाळलंच असेल, कारण काही ठिकाणी हात पुढे सरकत नाही.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मला तर तेच हवंय. कुणीतरी समोर बसून पटवून द्यावं की बाई गं, असं काही घडलंच नाही.

शनिवारची दुपार होती. घाटातल्या वळणावरचा धबधबा, शेजारी पत्र्याची चहाची टपरी, आणि धुकं असं की गाडीत बसून गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं.

आम्ही चौघं होतो. आणि आमची ठमी.

ठमी म्हणजे आमची लेक. कागदावर तिचं नाव मोठं गोड आहे, पण गालांमुळे ठमीच चिकटलं. तेव्हा नऊ महिन्यांची होती. अनोळखी माणसाने नुसतं बघितलं तरी तिचा ओठ पुढे यायचा. माझ्या कडेवरून दुसरीकडे जायचं म्हणजे आधी रडारड, मग लाच, मग मोठ्या नाखुशीने जाणं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. एकेक बोल्ट पुन्हा पुन्हा आवळून बघणारा माणूस. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बरोबर नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र होता. त्याचं औषधांचं दुकान आहे, म्हणून त्याला सगळे केमिस्ट म्हणतात. आणि त्याची बायको, आमची मास्तरीण. ती खरंच शाळेत शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशीही आम्हाला शिकवते.

रेनकोट केमिस्टने आणले होते. औषध कंपनीच्या माणसाने फुकट दिलेले. चारही एकसारखे, भडक पिवळे, टोपी नाकापर्यंत येणारी.

"अहो, पाठीवर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे," मी म्हटलं.

"वहिनी, फुकटच्या रेनकोटला पाठ नसते," केमिस्ट म्हणाला.

धबधब्यापाशी आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. म्हणून मास्तरणीने नियमच घालून दिला. खांद्यावर दोनदा थोपटलं की समजायचं, बाळ माझ्याकडे दे. ओरडायचं नाही, ठमी दचकते.

सकाळपासून आम्ही तसंच करत होतो. एका धबधब्यापाशी ती याच्याकडे, दुसऱ्यापाशी तिच्याकडे. फार छान चाललं होतं. बऱ्याच महिन्यांनी माझे दोन्ही हात मोकळे होते.

या शेवटच्या धबधब्याशी पोचलो तेव्हा माझे डोळे मिटत होते.

"झोप जरा गाडीत," नवरा म्हणाला. "मी आहे ना. तिला पाणी दाखवतो आणि आणतो."

मी माझा ओला रेनकोट गाडीच्या बाहेरच्या आरशाला अडकवला, सीट मागे केली आणि डोळे मिटले.

बाळ झाल्यापासून इतकी गाढ झोपले नव्हते.

जाग आली ती... आवाजाने नाही.

आवाज नव्हता म्हणून.

धुकं जरा विरळ झालं होतं. काचेतून धबधबा अंधुक दिसत होता. पाणी कोसळत होतं. पण ऐकू काहीच येत नव्हतं. कानात कापूस कोंबल्यासारखं.

मी जांभई देऊन पाहिली. कान चोळले. काही नाही.

मग नवऱ्याने दार उघडलं, आणि सगळा आवाज धाडकन आत आला.

तो एकटाच होता. हात मोकळे.

"ठमी?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीकडे. मग मागच्या सीटकडे.

"तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कुठून येईल? मी झोपले होते!"

"चेष्टा नको करूस हं. आत्ता नेलीस तू तिला. खांद्यावर थोपटलंस. मी तुझ्याकडे दिली."

मी उडी मारून बाहेर आले. टपरीखाली केमिस्ट आणि मास्तरीण चहा पीत उभे होते. दोघांचे रेनकोट अंगावर. दोघांचे हात रिकामे.

"ठमी कुणाकडे आहे?" मी ओरडले.

मास्तरणीच्या हातातला पेला खाली पडला. तिला माझ्या आवाजावरून कळलं.

मी नवऱ्याचे दंड धरले. दुकानात रोज विचारते ना, हे दिसतंय की ते, तसंच एकेक करून विचारलं. दुसरं काय करावं हे मला सुचतच नव्हतं.

"चेहरा पाहिलास?"

"टोपी होती."

"हात?"

"ओले... गार. मला वाटलं तू गारठलीस."

"ठमी रडली?"

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"सांग ना! रडली का ती?"

"नाही," तो म्हणाला. "हसली. आपणहून झेप घेतली तिने. म्हणून तर मला वाटलं, तूच."

मी आरशाकडे पाहिलं.

माझा रेनकोट तिथे नव्हता.

टपरीवाला एव्हाना बाहेर आला होता. माझ्याकडे बघून तो दोन पावलं मागे सरकला.

"ताई, तुम्ही वर कधी आलात?"

"म्हणजे?"

"मघाशी बाळाला घेऊन खाली गेलात ना तुम्ही? मी हाकसुद्धा मारली, पायऱ्या निसरड्या आहेत, जपून जा म्हणून. तुम्ही मागे वळून बघितलंत की माझ्याकडे."

"माझा... माझा चेहरा होता?"

त्याने मान हलवली. हो.

पुढचं मला सलग आठवत नाही. दगडी पायऱ्या आठवतात, शेवाळलेल्या. बाजूची लोखंडी साखळी. मी किती वेळा पडले ते नंतर गुडघे पाहिल्यावर कळलं. मागून केमिस्ट ओरडत होता, "वहिनी, थांबा, मला पुढे जाऊ द्या!" नवरा माझ्याही पुढे होता, आणि वाटेत दिसेल त्या प्रत्येक दगडाआड वाकून बघत होता.

प्रत्येक दगडाआड. जसं काही आपलं बाळ कुणी दगडाआड ठेवून देतं.

माझ्या छातीत दूध दाटून आलं होतं. तिची प्यायची वेळ झाली होती. कुडता भिजला, आणि मला एकच वाटत राहिलं... तिला भूक लागलीय. कुठेतरी ती भुकेली आहे आणि मी झोपले होते.

मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. माझं काहीही ने म्हटलं. नोकरी ने. डोळे ने. मला ने.

खाली डोहाशी कुणी नव्हतं. पाणी पांढरं, घुसळत होतं. नवरा त्यात उतरायला निघाला, तर केमिस्टने त्याला मागून घट्ट धरलं. दोघं तिथेच चिखलात पडले.

आणि त्याच वेळी...

आवाज थांबला.

पाणी समोर कोसळत होतं. नवऱ्याचं तोंड उघडं होतं, तो ओरडत होता. मला ऐकू काहीच येत नव्हतं.

एकच गोष्ट ऐकू आली.

चुटुक... चुटुक... मग एक छोटा श्वास. मग पुन्हा.

ज्या बाईने बाळाला पाजलंय, तिला तो आवाज झोपेतही ओळखता येतो.

पाण्याच्या पडद्यामागून येत होता.

मी कड्याला पाठ लावून आत सरकले. मागे खडकात एक पोकळी होती. दोन माणसं जेमतेम बसतील एवढी.

ठमी तिथे होती.

माझ्या पिवळ्या रेनकोटवर, पाठीवर, पाय हलवत पडली होती. केस कोरडे. मोजे कोरडे. एवढ्या तुषारांमध्ये तिच्या अंगावर एक थेंब नव्हता. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा ओघळ होता.

जवळ कुणी नव्हतं.

"ठमे... माझी ठमे..."

तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि तिचा ओठ पुढे आला.

तो ओठ मी हजारदा पाहिलाय. शेजारीण आली की. डॉक्टर दिसला की. माझ्यासाठी तो कधीच नव्हता.

मी तिला उचललं तशी ती किंचाळली. पाठीची कमान केली. मला ढकललं. माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पसरले तिने... पाण्याकडे. मी पोकळीबाहेर येईपर्यंत ती तिकडेच झेपावत होती.

माझ्यामागोमाग खाली आलेल्या मास्तरणीने रेनकोट उचलून आणला होता. वर आल्यावर तिने तो झटकला आणि थांबली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "हा बाहेरून कोरडा आहे. आतून निथळतोय."

घरी जाताना पोलीस चौकीत सगळं सांगितलं. एखादी वेडसर बाई असेल, म्हणाले, बाळ मिळालं ना, मग नशीब समजा. केमिस्टही तेच म्हणतो. टपरीवाल्याच्या बोलण्याचं काय, असं मी विचारलं की तो विषय बदलतो.

नवरा आता ठमीला माझ्या हातात देण्याआधी माझी हनुवटी वर करतो. नीट बघतो. मग देतो. मला राग येत नाही.

तिने त्या दिवसापासून माझं दूध तोंडात घेतलेलं नाही.

वरण-भात नाही, केळं नाही, बाटली नाही. चमचा दिसला की मान फिरवते. "दात येत असतील," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल." मग त्यांनीही काही म्हणायचं सोडलं.

मी घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काट्यावर ठेवलं आणि हसले.

"छान वजन धरलंय की! काय देता हिला?"

मी खाली बघून तिचे मोजे चढवू लागले.

मग माझ्या लक्षात आलं. दुपारच्या झोपेतून उठते तेव्हा तिचे गाल गार असतात. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं असतं. आणि ती तृप्त असते.

एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून राहिले. दाराला कडी, खिडकी बंद, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. कुणी आलं नाही.

त्या दिवशी ठमी भुकेने रडली. संध्याकाळपर्यंत. आवाज बसेपर्यंत. मी छातीशी धरलं, तिने ढकलून दिलं. थेंब थेंब दूध ओठांवर पिळलं, तिने थुंकून टाकलं. शेवटी रडायचंही त्राण राहिलं नाही तिच्यात. नुसती दाराकडे बघत पडली.

मी तिची आई आहे. तिला उपाशी कसं ठेवू?

म्हणून आता दुपारी तिला निजवते, आणि उठून बाहेर येते. दार ओढून घेते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसते.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. तो हे घर सोडेल, गाव सोडेल, ठमीला घेऊन कुठेही जाईल. आणि मग ती कुठे जेवेल?

जी कुणी येते तिने त्या दिवशी माझ्या लेकीला कोरडं ठेवलं, हे मी विसरलेले नाही. तिला माझं एवढंच सांगणं आहे, की पोट भरलं की परत ठेवत जा. फक्त परत ठेवत जा.

हे सगळं मी अशाच दुपारींमधून, तुकड्यातुकड्याने लिहिलंय.

आत्ताही दार ओढलेलं आहे. बाहेरच्या रस्त्याचा आवाज मघाशीच थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

आतून फक्त चुटुक... चुटुक... येतंय.

माझा कुडता भिजलाय.

मी अजून थोडा वेळ इथेच बसणार आहे.