कोऱ्या लेबलांच्या रेकॉर्ड्स

दुकानाच्या दारातून आधी एक लाकडी खोकं आत आलं आणि त्याच्यामागून धापा टाकणारा एक उंच तरुण.

"पुस्तकं नाहीत... चालेल ना?"

काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात ती कितीतरी वर्षं पुठ्ठे कापत आणि पानं शिवत आली होती, पण पुस्तकाशिवाय आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहत होती. खोक्यात चाळीसएक रेकॉर्ड्स होत्या आणि त्यांची कव्हरं कोपऱ्यांत पार फाटलेली. तो डीजे होता. ड्रम अँड बेस वाजवायचा — म्हणजे वरून ढोल सुसाट पळतो आणि खालून बेस पोटात घुमतो, हे त्यानं हातवारे करून समजावलं. तिला संगीत फारसं कळलं नाही, हातवारे मात्र आवडले.

"होतील नीट. पण इतकी फाटेपर्यंत करत काय होतात?"

"वाजवत होतो."

"कव्हरं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो गेल्यावर ती दिवसभर उगाच हसत राहिली.

हसू टिकलं नाही. आतलं आणि बाहेरचं आधी वेगळं करायचं, ही बाइंडरची जुनी खोड. तिनं सगळ्या रेकॉर्ड्स काढून एका बाजूला लावल्या आणि कव्हरं चिकटवून दाबाखाली ठेवली. कव्हरं इतकी देखणी झाली की काकांनीही मान डोलावली. मग परत भरायला तिनं पहिली रेकॉर्ड उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. मधल्या लेबलावर पांढरा कागद चिकटवलेला. दुसरीवरही तोच, तिसरीवरही... कुठली रेकॉर्ड कुठल्या कव्हरातली, देव जाणे!

"कार्यक्रमात बाकीचे डीजे खांद्यावरून डोकावतात," तो आल्यावर म्हणाला. "मी काय वाजवतोय ते वाचून दुसऱ्या दिवशी तीच रेकॉर्ड शोधायला पळतात. म्हणून नावं झाकून ठेवतो."

"आणि मी त्यात हा घोळ घातला." तिला रडूच यायचं बाकी होतं. "ओला बोळा फिरवून कागद सोडवू का?"

"नको, नको! लेबलही निघून येईल." त्यानं रेकॉर्ड्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे — जरा जास्तच वेळ. "ऐकून ओळखू या. एकेक करून. उद्या टर्नटेबल घेऊन येतो."

तेव्हापासून दुकान आवरलं की तो हजर. "राणीसरकार, तुझे ढोलवाले आले," म्हणत काका कानात कापूस कोंबायचे आणि फिरायला निघायचे. दिवसाला दोन-तीनच रेकॉर्ड्स व्हायच्या, कारण प्रत्येकीला एक गोष्ट होती. एक पहिल्या पगारातली. घरी नेताना सायकलवरून पडली, आता एका जागी सुई उडी मारते. "तिथं पोचायच्या आत मी दुसरी सुरू करतो. लोक म्हणतात, काय टायमिंग आहे!" आवडलेल्या रेकॉर्डच्या तो दोन प्रती घ्यायचा.

"दोन कशाला?"

"एकटी पडते ना बिचारी."

"रेकॉर्डची एवढी काळजी? आणि स्वतःची?"

"माझी दुसरी प्रत... शोधतोय."

तिनं घाईघाईनं खळीचं भांडं धुवायला घेतलं. ते धुतलेलंच होतं.

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. एका संध्याकाळी त्यानं एक जड रेकॉर्ड लावली. सुई टेकवण्याआधी हात क्षणभर थांबला. पळत्या ढोलाखाली एक संथ, उदास सूर वाजत राहिला. संपल्यावर तो हळूच म्हणाला, "ही माझ्या दोस्तानं खास माझ्यासाठी एकच कोरून घेतली होती. हिची दुसरी प्रत नाहीच. अशी एकटी कोरलेली रेकॉर्ड फार मऊ असते, दर वेळी वाजवली की थोडी झिजते. तो वारल्यापासून मी लावली नव्हती."

"अरे, मग सुई उचलायची ना!"

"तू ऐकत होतीस."

रेकॉर्ड्स कमी होत चालल्या, तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटची कव्हरात गेली की तो खोकं उचलणार आणि जाणार.

तीनच उरल्या होत्या. बाहेर पाऊस लागलेला, आणि वीज गेली. टर्नटेबल फिरता फिरता थांबलं. काहीतरी गंमत सांगत असताना त्यानं एक रेकॉर्ड उचलली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि कव्हरात सरकवली. मग दुसरी. तिसरीला मात्र त्याचा हात हवेतच राहिला.

"तू... न ऐकता लावलीस?"

"अंदाजानं..."

"खोटं बोलू नकोस. कान बघ तुझे!"

तो ओशाळला. "खाचा दिसतात ना. ढोल असतो तिथं फिकट, शांत असतं तिथं गडद. सवयीनं ओळखू येतात."

"म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्या लावता आल्या असत्या?"

"चहा गार व्हायच्या आत."

"मग लावल्या का नाहीस?"

"लावल्या असत्या, तर घरी जावं लागलं असतं."

तिला राग यायला हवा होता. इतके दिवस तिनं स्वतःला किती दोष दिला होता! पण मनात भलतंच काहीतरी आलं.

"आणि... तुझ्या दोस्ताची? ती कुठली, तेही माहीत होतं?"

"हातात घेतल्या घेतल्या."

"झिजते, तरी लावलीस?"

"तुला ऐकवायची होती," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाही."

त्याच्या हातातली रेकॉर्ड तिनं घेतली, अलगद बाजूला ठेवली आणि तो रिकामा हात धरला.

"लबाड माणसा, मला तू आवडतोस. या संपल्या की तू यायचा थांबशील, या भीतीनं मला झोप नव्हती."

"मग... उद्या येऊ? घरी अजून बरीच कव्हरं आहेत. एखादं फाडून—"

"काही फाडू नकोस," ती म्हणाली. "नुसता ये."