अडलेला धडा

सिस्टरला त्या दिवशी वर्गाला यायला उशीर झाला आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

हॉस्पिटलच्या कँटीनवरच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरायचा. ती धापा टाकत पोचली तेव्हा सगळ्यांच्या जोड्या लागल्या होत्या. उरला होता एकटा एक्स-रे काढणारा तरुण. अख्खं हॉस्पिटल त्याला ‘फोटोवाला’ म्हणायचं.

“बसा ना,” तो सरकत म्हणाला. “मोबाइल आहे माझ्याकडे. इंग्रजी मात्र तुम्हाला आणावं लागेल.”

तिला हसू आलं... कितीतरी दिवसांनी.

शिकवणीच्या ॲपवर दोघांचे मोबाइल जोडायचे. एकाच्या पडद्यावर चित्र यायचं, दुसऱ्याने त्याचा इंग्रजी शब्द सांगायचा, मग उलट. दोघंही बरोबर आले तरच पुढचा धडा उघडायचा. एक जरी चुकला तरी दोघंही तिथल्या तिथेच! आणि सगळे धडे संपले तरच परीक्षेला बसता यायचं.

सिस्टरला घाई होती. परदेशात तिची ताई आजारी होती, पदरात लहान मुलगी, जवळचं कोणी नाही. इंग्रजीची परीक्षा पास झाली की तिकडच्याच हॉस्पिटलात सिस्टरला नोकरी मिळणार होती. तिने हे सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. “मग लागू या कामाला,” एवढंच म्हणाला.

आणि लागलाही. ड्यूटी संपली की दोघं जिन्यात बसायची. ती चुकली की तो डोळ्यांनीच खुणा करायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि गाडी अडली ती ‘ब्रेथ’ या शब्दापाशी. चित्रात एक माणूस छाती भरून श्वास घेत होता. फोटोवाल्याला काही केल्या शब्द आठवेना. आज नाही, उद्या नाही...

“अरे, डोकं आहे की खोकं?”

“खोकंच,” तो मान खाली घालून म्हणायचा.

मग एका सकाळी ती एका परदेशी आजोबांना छातीच्या एक्स-रेसाठी घेऊन गेली. काचेपलीकडून त्याचा शांत, सरावलेला आवाज आला, “डीप ब्रेथ, सर... होल्ड युअर ब्रेथ.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. आजोबांना बाहेर बसवून ती परत आत आली.

“दिवसभर जे बोलतोस, तेच विसरलास होय रे?”

त्याने मशीन बंद केलं.

“ताईचं माहीत होतं तुला!”

“होतं.” त्याने मान्य केलं. “पण धडे संपले की तू जाणार... मला ते बघवत नव्हतं. चुकलं माझं. फार चुकलं.”

तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. धडा अडला की आणखी एक संध्याकाळ मिळाली, म्हणून तीही मनातून सुखावत होतीच की! ताई तिकडे तापाने फणफणलेली, आणि ही इथे जिन्यात सुखावत होती. तिला रडू कोसळलं. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

“मोबाइल काढ,” तो हळूच म्हणाला. “आजपासून एकही चूक नाही.”

त्याने शब्द पाळला. एकेक धडा उघडत गेला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. पण उत्तर एकदाही चुकलं नाही. ती पास झाली.

निघायच्या दिवशी तो गाडीपाशी तिची बॅग धरून उभा होता.

“मी वाट बघेन...” तो म्हणाला.

“अजिबात बघायची नाही!” तिने डोळे पुसले. “तिकडेही माणसांची हाडं मोडतात, त्यांचेही फोटो काढावे लागतात. पुढच्या परीक्षेला बस.”

तो बघतच राहिला. “म्हणजे... मी तिकडे?”

“मग काय, मी एकटीने राहू?”

“आणि नापास झालो तर?”

“तर मी परत येईन,” तिने त्याच्या हातातली बॅग घेतली, पण हात काही सोडला नाही. “मात्र मुद्दाम नापास झालास ना, तर याद राख!”